कलम चौदा : आधी एकांतात

१ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ६ वाजून ४० मिनिटे.

मागच्या पायरीवर बसून पाव इंची छिन्नीला धार लावत होतो, तेव्हा ठरवले की आजपासून रोजनिशी लिहायची. कारण गुप्त आहे. म्हणून इथेच लिहितो.

काल संध्याकाळी कमिटीने मला उपासनामंदिराच्या मागच्या खोलीत बोलावले. कमिटी म्हणजे खजिनदार, पाळकसाहेब आणि एक रिकामी खुर्ची (चिटणीस आजारी). विषय : नवे कॉयरमास्तर. जूनमध्ये आले, तात्पुरते आहेत. ११ ऑक्टोबरच्या वार्षिक सभेत त्यांना कायम करायचे की घालवायचे ते ठरणार. ते 'तसले' आहेत, असे खजिनदारांच्या कानावर आले आहे. पाळकसाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले की कानावर बरेच काही येत असते. खजिनदार म्हणाले की म्हणूनच चौकशी हवी, आणि ती लेखी हवी.

चौकशीसाठी मला निवडले. कारणे दोन. एक, मी थडग्यांच्या दगडांवर नावे कोरतो, त्यामुळे मंडळीत माझ्याइतके शुद्ध कुणी लिहीत नाही. शाळा आठवीत सुटली हे खरे, पण दगडावर खोडरबर चालत नाही, आणि नऊ वर्षांत माझ्या हातून एकही दगड वाया गेलेला नाही. दोन, माझे चारित्र्य. सत्तावीस वर्षांचा झालो, कोणत्याही मुलीकडे मान वर करून पाहिलेले नाही. खजिनदार म्हणाले, असा तरुण आजकाल दिवा घेऊन शोधावा लागतो.

मी मंडळीची नियमावली मागून घेतली. कलम चौदा असे : सभासदाच्या ठायी दोष दिसल्यास आधी त्यास एकांतात भेटून विचारावे, मग दोन साक्षीदारांसमोर, आणि मगच मंडळीपुढे आणावे. पाळकसाहेब म्हणाले की साठ वर्षांत पहिली पायरी कुणी चढलेली नाही, सगळे थेट तिसरीवर उडी मारतात. मी तिन्ही चढणार. खर्च कमिटी देईल, पावत्या जपून ठेवायच्या.

संकल्प : निःपक्षपाती राहणे. आठवड्यात काम उरकणे. मावशीला सुगावा लागू न देणे.

७ वाजता. मावशीने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "काय रे, कॉयरमास्तरांवर पाळत ठेवायला सांगितलीय म्हणे तुला?"

३ सप्टेंबर, गुरुवार.

'तसला' ओळखायचा कसा, ते खजिनदारांना विचारले. त्यांनी लक्षणे सांगितली, मी लिहून घेतली. लग्न झालेले नसते. कपडे नीटनेटके. खोली टापटीप. बोलणे मऊ. वडीलधाऱ्या बायकांशी चांगले जमते. संगीताची आवड.

घरी येऊन यादी सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. यादी चालते की नाही हे पाहण्यासाठी आधी स्वतःला लावून पाहिली. सहापैकी पाच लागू. (संगीत येत नाही.) यावरून यादी कुचकामी आहे, हे सिद्ध झाले. खजिनदारांना कळवले नाही. वाईट वाटून घेतील.

६ सप्टेंबर, रविवार.

जवळून निरीक्षण करायचे तर कॉयरमध्ये शिरणे भाग आहे. म्हणजे सहावे लक्षणही येईल, पण ते कर्तव्यापोटी.

उपासना सुटल्यावर मास्तरांनी माझा आवाज तपासला. टेनर आहे म्हणाले, म्हणजे पुरुषांतला उंच आवाज. मग माझ्या शेवटच्या बरगडीखाली पंजा ठेवून म्हणाले, "श्वास इथून घ्या. खांद्यांना त्रास देऊ नका." छातीत एवढी धडधड झाली की खोकला आला. दगडाची धूळ, दुसरे काय. कारखान्याच्या मालकांना नाकाला बांधायचे फडके बदलायला किती वेळा सांगितले.

निरीक्षणे : उंची माझ्यापेक्षा चार बोटे जास्त. डोळे लांबून काळे वाटतात, खिडकीजवळ तपकिरी असतात. डाव्या बाहीचे बटण सैल. स्वरलिपीचे पान उलटताना अनामिका वापरतात. हसायच्या आधी उजवा गाल हलतो, मग थोडे थांबून डावा. अडीच पाने भरली. संशयास्पद काही आढळले नाही. निरीक्षण चालू ठेवावे लागेल.

८ सप्टेंबर, मंगळवार.

शास्त्राचा आधार पक्का हवा, म्हणून बायबलातले मोशेचे नियम पहिल्यापासून वाचून काढले. खजिनदार मधलीच एक, 'तसल्यां'विरुद्धची, ओळ सांगतात. मला मधूनच वाचलेले चालत नाही, वर आणि खाली काय लिहिले आहे ते बघावे लागते.

खाली बरेच निघाले. खवले नसलेला मासा खायचा नाही. दाढीचे कोपरे छाटायचे नाहीत. दोन जातींच्या सुतांचे कापड अंगावर घालायचे नाही. कपाट उघडून लेबले वाचली. माझे तिन्ही शर्ट मिश्र सुताचे. जेवण गेले नाही.

संध्याकाळी शंभर टक्के सुती शर्ट घेतला. निळा. निळा तुम्हाला शोभेल, असे रविवारी मास्तर सहज बोलून गेले होते, पण त्याचा काही संबंध नाही. पावती ठेवली.

वाटेत खजिनदार भेटले. त्यांची पँटही मिश्र सुताची आहे, हे मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितले. म्हणाले, ते नियम आता गेले. कोणते गेले आणि कोणते राहिले, त्याची यादी मागितली. ती त्यांच्याकडे नाही.

१० सप्टेंबर, गुरुवार.

पहिली पायरी : एकांत. तालमीआधी अर्धा तास, साडेपाच वाजता, मंदिरात.

प्रश्न कागदावर लिहून खिशात ठेवला होता. पण मास्तर ऑर्गनच्या मागे आडवे पडून भात्याला ठिगळ लावत होते. पालथ्या माणसाला असा प्रश्न विचारणे बरे नव्हे. मी टॉर्च धरला. त्यांनी मला कामाचे विचारले. मी म्हटले, दगडावर नावे कोरतो. लोक इथे विषय बदलतात. मास्तरांनी विचारले, "कोणतं अक्षर कोरायला सगळ्यात जड जातं?"

नऊ वर्षांत हे मला कुणीही विचारलेले नाही. मी म्हटले, 'ळ'. दोन्ही गोल सारखे यावे लागतात, आणि दुसरा गोल येईपर्यंत हात दमलेला असतो. ते उठून बसले आणि पुठ्ठ्यावर 'ळ' काढायला लागले. वाकडे आले. पुन्हा काढले. तालमीला सगळे जमले, तेव्हा आमचे अकरा 'ळ' झाले होते.

प्रश्न राहिला. पुठ्ठा पुरावा म्हणून घरी आणला.

१५ सप्टेंबर, मंगळवार.

एकांत, दुसरा. बटण शिवून दिले. सुई तोंडात असताना बोलता येत नाही.

१७ सप्टेंबर, गुरुवार.

एकांत, तिसरा. प्रश्नाचा कागद जुन्या शर्टात राहिला. मास्तरांनी गायकांसाठी हाताने सूचना लिहिली होती. पाच ओळींत सात चुका. एरवी असे काही वाचले की माझे डोके उठते. आज उठले नाही. त्यांच्या चुका स्वच्छ असतात.

१८ सप्टेंबर, शुक्रवार.

खजिनदार कारखान्यात आले. रिपोर्ट कुठे, विचारले. मी म्हटले, पहिली पायरी चालू आहे. म्हणाले, "अरे, पायरी आहे की गच्ची? किती दिवस बसणार तिथं?" मी कलमावर बोट ठेवले : 'एकांतात भेटून विचारावे.' भेटणे झाले आहे. विचारणे तेवढे बाकी आहे.

१९ सप्टेंबर, शनिवार.

एकांत, चौथा. आज मास्तरांच्या घरी. न्हाव्याकडे जाऊन मग गेलो (कोपरे छाटू दिले नाहीत, त्यामुळे थोडा विचित्र दिसतो).

दोन खोल्या. एकीत पायाने भाता हलवायची मोठी पेटी, पुस्तके आणि प्लास्टरच्या दातांची खोकी. दात त्यांच्या मामेभावाचे आहेत, तो त्यांच्याबरोबरच राहतो. म्हणजे तो ते बनवतो. बाजारात कवळ्या करायचे दुकान आहे त्याचे. मावशीची नवी कवळी त्याचीच, आणि खजिनदारांचीसुद्धा, हे मला ठाऊक नव्हते. माणूस ठेंगणा, गोल, सतत गुणगुणणारा, आणि बेसूर. मास्तरांना त्याचा कसा त्रास होत नाही? माझ्याशी फार प्रेमाने वागला. मला तो तितकासा आवडला नाही. कारण सांगता येणार नाही. हात प्लास्टरने माखलेले असतात, ते असेल.

दुसऱ्या खोलीत एकच पलंग. मामेभाऊ रात्रपाळी करत असावा.

येताना सर आली. मास्तरांनी छत्री दिली. काळी, लाकडी मुठीची. मूठ झिजून त्यांच्या बोटांच्या आकाराची झाली आहे. पावसाचा जोर नव्हता, तरी उघडून आलो.

२० सप्टेंबर, रविवार.

आज पाळकसाहेबांनी उपदेश केला. पहिला अर्धा पापावर, दुसरा अर्धा प्रीतीवर. खजिनदार पहिल्या अर्ध्याला मान हलवत होते, मावशी दुसऱ्या. दोघेही बाहेर येऊन म्हणाले, आज पाळकसाहेब अगदी माझ्या मनातले बोलले.

नंतर पाळकसाहेबांनी मला दप्तरखोलीत बोलावले. म्हणाले, "बेटा, रिपोर्ट जरा मोघम ठेव. आभाळासारखा. ज्याला पाऊस हवा त्याला ढग दिसावा, ज्याला ऊन हवं त्याला ऊन." मी म्हटले, मोघम मला कोरता येत नाही. त्यांनी सुस्कारा टाकला.

२४ सप्टेंबर, गुरुवार.

सभागृहात पाहुण्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. मोकळ्या वातावरणात माणूस खरा कळतो, म्हणून दोन तिकिटे काढली. तालीम लवकर आटोपून मास्तर येतो म्हणाले होते. आले. बरोबर मामेभाऊ. त्याने आपले तिकीट स्वतः काढले होते, हे कबूल करायला हवे.

आम्ही असे बसलो : मी, मास्तर, मामेभाऊ. कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागात मामेभाऊ मास्तरांच्या खांद्यावर डोके टाकून झोपला. बिचारा, रात्रपाळी. मास्तर ताठ बसून होते, त्याची झोप मोडू नये म्हणून. किती सोशिक माणूस. मला वाद्यवृंद ऐकू आला नाही, पुढे कुणीतरी फार खाकरत होते.

याला पाचवा एकांत धरावा की नाही? तिघे होतो. पण मी धरतो.

२६ सप्टेंबर, शनिवार.

काम करताना मालकांना सहज विचारले की 'तसल्या' लोकांबद्दल त्यांचे काय मत. मालकांचा डावा कान गेलेला आहे. मी उजव्या बाजूला जाऊन पुन्हा विचारले. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

म्हणाले, "चाळीस वर्षं नावं कोरतोय. जुन्या स्मशानभूमीत भिंतीच्या कडेला बघ. दोन बाप्यांची नावं, एकाच दगडावर, पाच जोड्या. दोन बायकांच्या तीन. कुणी लिहायला सांगितलं मित्र, कुणी चुलतभाऊ. कुणी सांगितलं, नुसती नावंच कोरा. मी विचारलं नाही. दगडानं विचारलं नाही, मग मी कोण विचारणार?" मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघून म्हणाले, "तुझा शर्ट छान आहे."

२९ सप्टेंबर, मंगळवार.

सहावा एकांत. साध्या गप्पा.

निष्कर्ष निघाला. घरी येऊन पक्क्या शाईने लिहितो : मास्तर पूर्णपणे निर्दोष आहेत. एवढ्या बारकाईने मी कुणालाही पाहिलेले नाही. लोकांनी उगाच राळ उडवली. ते एकटे पडले आहेत आणि त्यांना एका चांगल्या मित्राची गरज आहे, एवढेच. मामेभाऊ काही कायम राहणार नाही. मामेभाऊ कायमचे नसतात.

योजना : रविवारी दोन साक्षीदारांसमोर प्रश्न विचारायचा, ते नाही म्हणतील. सभेत मी जाहीर करीन, ते कायम होतील. मग मावशीच्या माडीवरची खोली त्यांना भाड्याने. आजच मापे घेतली. पेटी जिन्यातून येणार नाही, पण खिडकीची चौकट काढली तर येईल. चौकट मी काढीन. सकाळी मी कामाला जाताना ते वर वाजवत असतील. संध्याकाळी 'ळ'.

मावशीला खोलीचे सांगितले. तिने हातातले काम बाजूला ठेवले. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी आजारी असल्याशिवाय ती असे करत नाही.

४ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ४.

दुसरी पायरी. साक्षीदार : मावशी आणि मालक. स्थळ : मास्तरांचे घर. मामेभाऊ आत चहा करत होता, भांडी वाजत होती.

जसे झाले तसे लिहितो. मी उभा राहून कागद वाचला. वाचून दाखवल्यावर म्हटले, "फक्त औपचारिकता आहे, मास्तर. नाही म्हणा की झालं."

मास्तर म्हणाले, "हो."

मी म्हटले, हो म्हणजे नाही म्हणायला तयार आहात?

"नाही. हो म्हणजे हो. तो माझा मामेभाऊ नाही. घर मिळावं म्हणून तसं सांगितलं होतं. नऊ वर्षं झाली आम्हाला एकत्र."

आत भांडी वाजायची थांबली.

मी साक्षीदारांकडे पाहिले. मालकांनी उजवा कान पुढे केला होता, म्हणजे ऐकले होते. मावशी म्हणाली, "मी दुकानात कवळी बसवून घ्यायला गेले तेव्हाच कळलं होतं. दोन डबे एकाच रुमालात बांधलेले. आणि आत चहा करतोय तो मास्तरांवर ओरडत होता, शाल विसरलात म्हणून. भाऊ भावावर असं ओरडत नाही."

मी म्हटले की हे मला रिपोर्टात लिहावे लागेल.

"लिहा," मास्तर म्हणाले. "इथून गेलो तर पुढच्या गावात पुन्हा मामेभाऊ. कंटाळलो मी त्या मामेभावाला."

मामेभावाने (दुसरे काय लिहू?) चहा आणला. माझ्या कपात साखर आठवणीने कमी. मी कधी सांगितले होते, आठवत नाही.

निघताना मास्तर फाटकापर्यंत आले. हळूच म्हणाले, "सहा वेळा तुम्ही मला एकांतात भेटायला आलात. तुम्हाला कधी कुणी एकांतात विचारलं का?"

काय विचारायचे, असे मी म्हटले.

"तेच," ते म्हणाले.

प्रश्न मला समजला नाही. प्रश्न संदिग्ध होता.

६ ऑक्टोबर, मंगळवार.

अंग गरम. मावशीने मापले तर ताप नाही. थर्मामीटर जुना आहे.

तरीही कामावर गेलो, आणि एक दगड वाया गेला. काळा, चार फुटी. मृत्यूची तारीख ४ ऑक्टोबर कोरली. गृहस्थ वारले २२ सप्टेंबरला. आकडे सुबक आले आहेत, खोली सारखी आहे, फक्त तारीख त्यांची नाही. मालकांनी आकड्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, राहू दे, पायरीला लावू. रागावले असते तर बरे झाले असते.

८ ऑक्टोबर, गुरुवार.

तालमीला गेलो नाही. घसा.

रिपोर्ट तीनदा लिहिला. पहिल्यात 'नाही' लिहिले. ते खोटे, म्हणून फाडले. दुसरा पाळकसाहेब म्हणतात तसा मोघम लिहिला. वाचल्यावर मलाच कळेना की कुणी काय केले. तिसऱ्यात एकच ओळ : विचारले, हो म्हणाले. ही ओळ वाचली की रविवारी मास्तरांची नोकरी जाणार आणि शिवाय घरही. घरमालक आमच्याच मंडळीतले आहेत. चौकशी माझी, अक्षर माझे, आणि शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

त्यांनी लिहा म्हटले आहे. माझा नाइलाज आहे.

मावशी म्हणाली, नाइलाज नाही, तू रुसला आहेस. चूक. मी कशाला रुसू?

९ ऑक्टोबर, शुक्रवार.

बाजारात खजिनदार दिसले. कवळ्यांच्या दुकानाच्या मागच्या दाराने बाहेर येत होते, तोंडावर रुमाल. वरची कवळी मधोमध चिरली आहे. मला पाहून काहीतरी बोलले, पण सगळे 'फ'च ऐकू आले. उद्यापर्यंत जोडून मिळणार आहे. कोण जोडणार, ते मी विचारले नाही. शहरात एकच माणूस आहे.

११ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटे.

वार्षिक सभा झाली. क्रमाने लिहितो.

विषयपत्रिका : (३) खर्चास मंजुरी. (४) कॉयरमास्तर. म्हणजे रिपोर्टाआधी खर्च. हा क्रम छपाईतच तसा होता, मी काही केलेले नाही.

मंदिर भरलेले. मास्तर ऑर्गनजवळच्या खुर्चीत. मामेभाऊ तिसऱ्या बाकावर, पहिल्यांदाच आला. खजिनदार उठून म्हणाले की चौकशीचा खर्च तपशीलवार वाचावा, मंडळीचा पैसा आहे. बोलणे स्वच्छ, दात घट्ट. मामेभाऊ पुढे झुकून त्यांच्या वरच्या ओठाकडे बघत होता. हे तोंड आपल्याच पोटावर उठणार आहे हे त्याला ठाऊक होते, पण कवळी नीट बसली की नाही, एवढेच तो बघत होता.

मी तपशीलवार वाचले. तपशील सोडणे मला जमत नाही.

सुती शर्ट, निळा, एक. न्हावी, सहा वेळा. निळे बटण, एक, आणि दोरा. इस्त्री, सहा वेळा. अत्तराची लहान बाटली (धुळीचा वास जावा म्हणून). कार्यक्रमाची तिकिटे, दोन, पुढची रांग. खिडकीच्या चौकटीसाठी स्क्रू, आठ.

इस्त्रीपर्यंत कुणीतरी खोकले. अत्तराला मागच्या बाकावर फुसकन हसू फुटले. पुढची रांग म्हटल्यावर सगळे मंदिर हसले, कॉयरमध्ये आल्टो गाणाऱ्या बायका डोळे पुसत होत्या. मी थांबलो आणि कागद पुन्हा पाहिला. बेरीज बरोबर होती. मग यादी वरून खाली एकदा मनात वाचली, दगडावरची वाचतो तशी, अक्षर अक्षर लावून. आणि माझे कान तापले.

विषय चार लगेच घेतला. मी वाचले : विचारले, हो म्हणाले. एरवी या ओळीवर मंदिर गोठले असते. पण हसून झालेल्या माणसांना लगेच गोठता येत नाही. कुणीतरी म्हणाले, बरं मग? कुणी म्हणाले, हे काही बरं नाही, पण आवाज बसकाच निघाला. खजिनदार मात्र उभेच होते. म्हणाले, "हसण्यावारी नेऊ नका. या पोराची यादी ऐकलीत ना? मला सांगा, यात तसला नक्की कोण?"

आता गोठले. सगळे माझ्याकडे वळले. पायाखालच्या फरशीत एक भेग आहे, ती मी आज पाहिली.

मावशी उठली. काठी न घेता उठली.

"खजिनदार," ती म्हणाली, "कलम चौदा. आधी एकांतात."

मालक म्हणाले, "बरोबर." त्यांना नेमके तेवढेच ऐकू आले.

पाळकसाहेबांनी महिनाभरात पहिल्यांदा खिडकीवरून नजर काढली. म्हणाले, नियम म्हणजे नियम. मास्तरांचा विषय गहन आहे, अभ्यासासाठी उपसमिती नेमू, तिने पुढच्या वार्षिक सभेत अहवाल द्यावा, तोवर मास्तर तात्पुरते चालू. घरमालकांनी विचारले, तोवर खोलीचे काय? पाळकसाहेब म्हणाले, खोली हा विषय पत्रिकेवर नाही. खजिनदारांनी तोंड उघडले, तिसऱ्या बाकाकडे पाहिले, आणि मिटले. ठराव आवाजी मताने मंजूर. जेवणाची वेळ झाली होती.

"आणि या बेट्याची पहिली पायरी," पाळकसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती मास्तर बघतील. त्यांना एकांताचा सराव आहे."

म्हणजे गुरुवारी साडेपाच. मास्तर आणि मी. बाहेर पडताना मास्तर म्हणाले, घाई नाही, सहा वेळा लागले तरी चालेल. मामेभाऊ चहा करणार आहे.

हे सगळे उपसमितीच्या कामासाठी असेल. माझा अनुभव त्यांना उपयोगी पडेल, असे दिसते.

घरी येऊन पायरीवर बसलो. डोळ्यांत धूळ गेली, बराच वेळ पाणी आले. आज रविवार, कारखाना बंद आहे. धूळ कुठून आली कळत नाही.

हिशेब :

एकूण खर्च ६१४. पैकी कमिटीने मंजूर केलेला : दोरा, ४.

नामंजूर, म्हणजे माझ्या खिशातून : ६१०.

देणे, मालकांना : काळा दगड एक, चार फुटी. बारा हप्ते. मालक नको म्हणतात, मी देणार.

देणे, मावशीला : काही नाही म्हणते.

देणे, मास्तरांना : छत्री एक, लाकडी मुठीची. उत्तर एक.